नादारीचा अर्ज : एका हक्काचा इतिहास

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की मोहल्ल्यामोहल्ल्यांतून गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात. हारतुरे, पेढे, प्रशस्तिपत्रे आणि भाषणे यांची रेलचेल असते. हे सारे योग्यच आहे. परंतु सत्कारानंतर पंधरा दिवसांनी महाविद्यालयाच्या फी भरण्याच्या खिडकीपाशी जे घडते, त्याला कोणी हार घालीत नाही. मुलाला प्रवेश मिळालेला असतो, फीचा आकडा समोर असतो आणि तो आकडा पाहून बाप मुकाट्याने घरी परततो. काही मुले पहिला हप्ता कशीबशी भरतात आणि दुसऱ्या हप्त्याच्या वेळी वर्गातून दिसेनाशी होतात. ही मुले नापास झालेली नसतात, त्यांचे नाव कोणी काढून टाकलेले नसते. ती फक्त येईनाशी होतात, आणि त्यांची नोंद कोठेही राहत नाही.

वाचकहो, यांपैकी काहींना तरी मदत मिळू शकली असती. ती मिळाली नाही, कारण त्यांच्या घरच्यांनी ती मागितली नाही. किंवा एकदा मागितली, ती अपुरी मिळाली, आणि पुन्हा मागण्याचे धैर्य झाले नाही. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : "आमच्या खानदानात आजवर कोणी कोणापुढे हात पसरलेला नाही." या भावनेमागे स्वाभिमान आहे आणि स्वाभिमानाचा मान राखलाच पाहिजे. पण शिक्षणासाठी मदत मागणे आणि हात पसरणे ही एकच गोष्ट आहे काय? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात स्पष्ट सापडते. आज ज्या शिष्यवृत्त्या व फी-सवलती आपण पाहतो, त्यांतील कितीतरी कोणीतरी अर्ज केला म्हणून सुरू झाल्या, आणि कोणीतरी "एवढ्याने भागत नाही" असे पुन्हा लिहिले म्हणून वाढल्या. त्या अर्जांचा हा थोडक्यात इतिहास आहे.

शब्दाची कहाणी

आपल्या मराठी शाळांत फी-माफीला जुना शब्द आहे 'नादारी'. अमक्याला नादारी मिळाली, तमक्याचा नादारीचा अर्ज मंजूर झाला, असे आपले वाडवडील बोलत. हा शब्द फारसीतून मराठीत आला. जमीनदार, दुकानदार यांतील 'दार' म्हणजे बाळगणारा. त्याला 'ना' लागला की ज्याच्यापाशी नाही तो नादार. व्यापारात देणे फेडू न शकणाऱ्यालाही नादार म्हणत. या शब्दात माणसाच्या लायकीबद्दल एक अक्षरही नाही. आज हातात पैसा नाही, एवढेच तो सांगतो. उद्या असू शकेल, हे त्यात गृहीतच आहे.

नादारीच्या आधीही गरीब विद्यार्थी शिकत होतेच. पुण्यात ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागत, किंवा आठवड्याचे वार लावून सात घरी जेवत. आपल्याकडे मशिदीत राहणाऱ्या तालिब-इल्मला मोहल्ल्यातील घरांतून जेवणाचे ताट जाई. समाजाने विद्यार्थ्याला पोसावे ही कल्पना दोन्हीकडे होती. मात्र या पद्धतीत एक उणीव होती. ताट देणाऱ्याच्या मर्जीवर सारे अवलंबून असे. मदत किती, किती दिवस आणि कोणत्या कसोटीवर, याचा नियम नव्हता. इंग्रजी शाळा-महाविद्यालये निघाली, फी रोकड पैशांत भरावी लागू लागली, पुस्तके व राहणे महाग झाले, तेव्हा ताटाऐवजी नियमाची गरज भासू लागली. तेथूनच अर्जाचा इतिहास सुरू होतो.

हाजी मोहसीन यांचा निधी

या इतिहासातील पहिला मोठा धडा बंगालचा आहे. हुगळीचे हाजी मुहंमद मोहसीन यांना बहीण मन्नुजान यांच्या मृत्यूनंतर मोठी जहागीर मिळाली. मूलबाळ नव्हते. १८०६ साली त्यांनी सारी मिळकत वक्फ केली. उत्पन्नाचे नऊ हिस्से करून तीन धर्मकार्याला, चार निवृत्तिवेतने व दानधर्माला आणि दोन मुतवल्लींना, अशी वाटणी त्यांनी घालून दिली. १८१२ साली ते वारले. पुढे मुतवल्लींच्या गैरकारभारामुळे मिळकतीची व्यवस्था सरकारकडे गेली. साठलेल्या पैशांतून १८३६ साली हुगळी कॉलेज उघडले.

हे कॉलेज नावारूपाला आले. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय व सय्यद अमीर अली यांच्यासारखे विद्यार्थी तेथे शिकले. परंतु ज्या वक्फावर ते उभे होते त्याच्या समाजातील मुले इंग्रजी वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच दिसत. फी देण्याची ऐपत त्यांच्यात नव्हती आणि इंग्रजी शिक्षणाबद्दल मनात धास्तीही होती. दोष केवळ सरकारचा नव्हता, तसाच केवळ समाजाचाही नव्हता. मात्र पैसा एका कारणासाठी ठेवलेला आणि गरजू विद्यार्थी त्याच दारात फीवाचून अडलेला, ही विसंगती उघड होती.

नबाब अब्दुल लतीफ यांनी ही विसंगती कागदावर मांडली. हुगळीच्या मदरशाच्या स्थितीविषयी त्यांनी १८६१ साली सरकारला टिपण सादर केले. १८६३ साली कलकत्त्यात मोहमेडन लिटररी सोसायटी स्थापन केली आणि हा विषय सतत धसास लावला. १८७१ साली विल्यम हंटर यांच्या हिंदी मुसलमानांवरील ग्रंथानेही या निधीच्या वापरावर कठोर टीका केली. अखेर १८७३ साली बंगाल सरकारने धोरण बदलले. हुगळी कॉलेजचा खर्च सरकारने उचलला आणि मोहसीन निधीतून मुसलमान विद्यार्थ्यांच्या फीचा दोन-तृतीयांश भाग भरण्याची व्यवस्था झाली. विद्यार्थ्याने फक्त एक-तृतीयांश द्यायचा. ढाका, चितगाव व राजशाही येथील मदरशांनाही या निधीतून पैसा मिळू लागला.

वाचकहो, हिशेब पाहा. दाता १८१२ साली वारला. त्याच्या पैशातून फी भरण्याची सोय झाली १८७३ साली. मधल्या साठ वर्षांत निधी होता, गरज होती, विद्यार्थीही होते. नव्हता तो या दोहोंना जोडणारा सविस्तर, पुराव्यानिशी केलेला अर्ज. निधी असणे आणि तो गरजूपर्यंत पोहोचणे यांत केवढे अंतर असते, हे येथे दिसते.

मुंबईची अंजुमन आणि हंटर कमिशन

आपल्या मुंबईत १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, नाखुदा मुहंमद अली रोगे आदी मंडळींनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. १८८० साली तिची शाळा सुरू झाली. हे संस्थापक स्वतः सधन होते. कोणी बॅरिस्टर, कोणी सॉलिसिटर, कोणी व्यापारी. आपल्या मुलांच्या फीसाठी त्यांना कोणाकडे जाण्याची गरज नव्हती. तरीही समाजातील मुलांसाठी सरकारकडे, नगरपालिकेकडे आणि धनिकांकडे अर्ज करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नवरोजी मार्गावर, अंजुमनची देखणी इमारत १८९३ साली पूर्ण झाली, ती अशा अनेक अर्जांचेच फळ होय.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोग आला. महात्मा जोतिराव फुले यांनी याच आयोगापुढे शेतकरी व शूद्रातिशूद्र मुलांची कैफियत मांडली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुंबई इलाख्यातील मुसलमानांची बाजू तय्यबजी यांनी याच आयोगापुढे मांडली. त्याच वर्षी सय्यद अमीर अली यांच्या संस्थेने व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांना निवेदन दिले. वेगवेगळ्या समाजांतील या माणसांनी एका गोष्टीवर बोट ठेवले : शाळा उघडणे पुरेसे नाही, गरिबाचे मूल शाळेत टिकेल अशी सोय झाली पाहिजे.

आयोगाने मुसलमानांसाठी केलेल्या शिफारशींत दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, प्राथमिक शाळेतून माध्यमिकात, तेथून हायस्कुलात आणि हायस्कुलातून कॉलेजात जाताना प्रत्येक पायरीवर खास शिष्यवृत्त्या असाव्यात. दुसरी, सरकारी पैशावर चालणाऱ्या सर्व शाळांत काही ठरावीक जागा विनाफी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवाव्यात. १८८५ साली लॉर्ड डफरिन यांच्या सरकारने या विषयावर ठराव केला. सगळीकडे अंमलबजावणी सारखी झाली नाही. तथापि दात्याच्या मर्जीवर असलेली फी-माफी प्रथमच नियमाच्या भाषेत लिहिली गेली.

पुढे या प्रयत्नांना दानशूरांची साथ मिळाली. सर मुहंमद युसूफ यांनी १९१४ साली मुसलमानांच्या उच्च शिक्षणासाठी ८ लाख रुपये मुंबई सरकारच्या स्वाधीन केले. त्यातून १९३० साली जोगेश्वरीचे इस्माईल युसूफ कॉलेज उभे राहिले. मुलींच्या बाबतीतही एक उदाहरण नोंदवण्याजोगे आहे. तय्यबजी घराण्याशी नाते असलेल्या अतिया फैजी १९०६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर अध्यापनाच्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या. प्रकृतीमुळे त्यांना लवकर परतावे लागले. परंतु त्या काळात एका सुखवस्तू, प्रतिष्ठित मुस्लिम घराने मुलीसाठी शिष्यवृत्ती घेण्यात संकोच मानला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापून मुस्लिम बोर्डिंगचा पाया घातला आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. बोर्डिंगचे महत्त्व आज चटकन लक्षात येत नाही. खेड्यातील मुलाला फी माफ झाली तरी शहरात राहायचे कोठे आणि खायचे काय, हा प्रश्न उरतोच. शिक्षणाचा खर्च म्हणजे फक्त फी नव्हे, हे महाराजांनी ओळखले होते. मदतीचा अर्ज लिहिणाऱ्यानेही ते ओळखले पाहिजे.

विद्यार्थीच जेव्हा मागायला निघाले

अलीगढचा प्रयोग याहून निराळा आहे. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली शाळा व १८७७ साली कॉलेज उभारले. त्यासाठी वर्गणी मागत ते गावोगाव फिरले. गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी पैसा जमवावा म्हणून १८८९ साली अलीगढच्या प्रदर्शनात त्यांनी रंगमंचावर कार्यक्रम केला आणि सत्तरी ओलांडलेले सर सय्यद स्वतः त्यात उतरले. त्यांच्या प्रतिष्ठेच्या माणसाने असे करावे काय, अशी कुजबूज झाली. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही.

पुढच्याच वर्षी, १८९० साली, साहबजादा आफताब अहमद खान यांच्या पुढाकाराने तेथील विद्यार्थ्यांनी अंजुमन-अल-फर्ज, म्हणजे ड्यूटी सोसायटी, स्थापन केली. सुट्टीत घरी जाणारे विद्यार्थी गरीब सहाध्यायांसाठी वर्गणी गोळा करीत. जत्रा-प्रदर्शनांत दुकान मांडीत. नाव किती अर्थपूर्ण आहे पाहा. या कामाला त्यांनी दान म्हटले नाही, फर्ज म्हटले. सधन घरातला मुलगा नादार मित्रासाठी दारोदार फिरतो, तेव्हा मागण्यातली लाज आपोआप गळून पडते. मदत देणारा वर व घेणारा खाली ही उतरंड तेथे उरत नाही.

"आणखी मुदत हवी" : एक थोर उदाहरण

आता अशा एका विद्यार्थ्याकडे वळू, ज्याने मदत मागितली, मिळवली, आणि अपुरी पडली तेव्हा पुन्हा मागितली. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरपर्यंत शिक्षण झाल्यावर वडिलांची ऐपत संपली. तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर या मराठी लेखक-शिक्षकाने त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढे नेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि बी. ए. चे शिक्षण पुरे झाले. येथे केळुसकरांची भूमिका विसरता कामा नये. विद्यार्थ्याची गुणवत्ता जाणणारा एक तिऱ्हाईत माणूस त्याच्या वतीने बोलला. आजच्या भाषेत हे शिफारसपत्र होय.

१९१३ साली बडोदा सरकारने त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार त्यांनी सही करून दिला. म्हणजे ही खैरात नव्हती. दोन्ही बाजूंना बांधणारा तो व्यवहार होता.

तीन वर्षे संपत आली तेव्हा अमेरिकेतील अभ्यास झाला होता, पण लंडनचा बाकी होता. त्यांनी मुदतवाढ मागितली. महाराजांनी ती मंजूर केली, मात्र एकच वर्षाची. १९१६ साली ते लंडनला गेले. वर्ष सरले, शिष्यवृत्ती संपली, आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. अभ्यास सोडला मात्र नाही. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. १९२० साली स्वतःची बचत, शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार रुपये आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, अशी जुळवाजुळव करून ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले.

या एका शिक्षणात किती हात लागले ते मोजा. एक शिक्षक, दोन राजे, एक मित्र, आणि स्वतःची कमाई. शिष्यवृत्ती, मुदतवाढ, अनुदान, कर्ज आणि बचत असे सारे मार्ग त्यांनी अवलंबले. एका ठिकाणी अपुरे पडले तर दुसरे दार ठोठावले. भारताच्या राज्यघटनेच्या शिल्पकाराने ज्याची लाज मानली नाही, त्याची लाज आपण का मानावी?

या कहाणीचा उत्तरार्ध त्याहून मोलाचा आहे. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले आणि त्यात उच्च शिक्षणासाठी दरसाल निश्चित रकमेची मागणी केली. अलीगढ व बनारस विद्यापीठांना सरकार मदत देते, मग आमच्या मुलांना का नको, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातून ३ लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४-४५ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. स्वतःसाठी अर्ज लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने पुढे लाखो मुलांसाठी अर्ज लिहिला.

मेहेरबानीकडून हक्काकडे

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका वसतिगृहात ठेवून 'कमवा व शिका'चा मार्ग आधीच घालून दिला होता. १९५९ साली यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांसाठी फी-सवलत सुरू झाली. तिलाच आपण ई.बी.सी. म्हणतो. तिची उत्पन्नमर्यादा लवकरच वार्षिक बाराशे रुपये झाली. जात व धर्म न पाहता केवळ उत्पन्न पाहणारी ही सवलत होती, आणि खेड्यापाड्यांतील हजारो घरांतील पहिला पदवीधर तिच्यामुळे घडला. आता प्रश्न संस्थाचालकाच्या मर्जीचा राहिला नाही. उत्पन्नाचा दाखला द्या, सवलत घ्या.

परंतु मर्यादा एकदा ठरली की ती तेथेच थिजून राहते आणि महागाई पुढे निघून जाते. ही मर्यादा वाढत वाढत एक लाखावर आली आणि वर्षानुवर्षे तेथेच थांबली. २०१६ साली ती सहा लाख झाली आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले. २०१७ साली आठ लाख झाली. रस्त्यावर आलेल्या लाखो लोकांच्या मागणीशिवाय हे घडले नसते. २०२४-२५ या वर्षापासून आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या घरांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण शिक्षणशुल्क माफ झाले. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आल्यानंतर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या शिष्यवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी काहींची व्याप्ती २०२२ नंतर कमी झाली. मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली. म्हणजे मिळालेले टिकवण्यासाठीही मागणी चालू ठेवावी लागते.

अमेरिकेतील रीत

बाबासाहेब ज्या देशात शिकले तेथे आज आपलीही मुले जाऊ लागली आहेत. तेव्हा तेथील पालक कसे मागतात, तेही पाहू. हार्वर्ड कॉलेजला विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी पहिली देणगी १६४३ साली मिळाली : इंग्लंडमधील ॲन रॅडक्लिफ या बाईंचे १०० पौंड. तीनशे वर्षे अशा देणग्यांवर काम चालले. १९५४ साली तेथील महाविद्यालयांनी एक समाईक व्यवस्था उभारली. पालकाने उत्पन्न व खर्च एकाच नमुन्यात भरायचा, त्यावरून कुटुंबाची ऐपत ठरवायची, आणि शिक्षणाच्या एकूण खर्चातून ती वजा केली की उरते ती गरज. साधी वजाबाकी! १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने व १९७२ च्या अनुदान योजनेने सरकारही त्यात उतरले.

तेथील काही नामांकित विद्यापीठे पूर्वी आपसांत बसून कोणत्या विद्यार्थ्याला किती मदत द्यायची हे ठरवीत. १९९१ साली सरकारने त्यांच्यावर स्पर्धाविरोधी करारांबद्दल दावा लावला. बहुतेकांनी माघार घेतली, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी लढली आणि १९९३ साली तडजोड झाली. त्यानंतर एका कॉलेजचे मदतीचे पत्र दुसऱ्याला दाखवून "फेरविचार करा" म्हणण्याची वाट पालकांना मोकळी झाली. नोकरी गेली, घरात मोठे आजारपण आले, कर्ता पुरुष वारला, तर कागदपत्रे पाहून मदतीचा हिशेब बदलण्याचा अधिकार तेथील कायद्याने महाविद्यालयाच्या अधिकाऱ्याला दिला आहे. २०२० च्या कायद्याने तर असे सर्व अर्ज सरसकट फेटाळण्याचे धोरण ठेवण्यास महाविद्यालयांना मनाई केली. परदेशी विद्यार्थ्याला तेथील केंद्र सरकारची मदत मिळत नाही, त्याला महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीवरच अवलंबून राहावे लागते, हे मात्र आपल्या पालकांनी विसरू नये. तथापि तत्त्व ध्यानात घ्यावे : मदतीचे पहिले पत्र हे शेवटचे पत्र नसते.

इतिहास काय शिकवतो

वाचकहो, या साऱ्या इतिहासातून अर्ज लिहिणाऱ्याला काय मिळते?

एक, आकडा सांगा. "आम्ही गरीब आहोत, दया करा" असे लिहिण्याऐवजी वर्षाचा एकूण खर्च किती, आम्ही किती भरू शकतो आणि किती कमी पडते, हे तीन आकडे लिहा. फीबरोबर वसतिगृह, खाणावळ, पुस्तके व प्रवासही धरा.

दोन, पुरावा जोडा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, मागील परीक्षेची गुणपत्रिका, बोनाफाईड. गेल्या वर्षानंतर परिस्थिती बदलली असेल तर त्याचा कागद : नोकरी सुटल्याचे पत्र, दवाखान्याची बिले, मृत्यूचा दाखला, दुसरे मूलही कॉलेजात असल्याचा दाखला.

तीन, मुलाची किंवा मुलीची प्रगती ओळखणाऱ्या शिक्षकाची शिफारस घ्या. प्रत्येक आंबेडकराला एक केळुसकर लागतो.

चार, मुदत पाळा. मुदत उलटल्यावर आलेल्या अर्जापुढे चांगल्या मनाचा प्राचार्यही हतबल होतो.

पाच, अपुरी मदत मिळाली तर आभार मानून फेरविचाराचा अर्ज करा, आणि पहिल्या अर्जात नसलेली माहिती त्यात द्या. नकार आल्यास हप्ते पाडून मागा, कर्ज-ए-हसना देणाऱ्या संस्थेकडे जा, दुसरा ट्रस्ट गाठा.

सहा, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, खोटे लिहू नका. ऐपत असताना खोटा दाखला काढणारा सरकारला फसवतो, त्याहून अधिक तो रांगेत मागे उभ्या असलेल्या अनाथाचा हिस्सा उचलतो. नादारी हा हक्क आहे तो नादाराचाच.

देणाऱ्यांसाठी दोन शब्द

हा लेख केवळ पालकांना उपदेश करून संपवणे न्यायाचे होणार नाही. मागणाऱ्याला लाज वाटते, ती पुष्कळदा देणाऱ्याच्या पद्धतीमुळे. आपल्या संस्था धनादेश वाटण्याचे समारंभ करतात. मुलाला मंचावर बोलावून, पाहुण्यांच्या हस्ते पाकीट देऊन छायाचित्र काढतात, ते वर्तमानपत्रात छापतात, आता मोबाइलवरून गावभर फिरवतात. वर्गातील मुले दुसऱ्या दिवशी ते पाहतात. गुणवत्तेचे बक्षीस मंचावर अवश्य द्यावे. पण गरजेपोटी दिलेली मदत बँकेच्या खात्यात निमूटपणे जमा व्हावी. कुरआनमध्ये अशा गरजूंचा उल्लेख आहे की जे स्वाभिमानामुळे मागत नाहीत आणि म्हणून अजाण माणसाला सुखवस्तू वाटतात. अशांना ओळखणे ही देणाऱ्याची जबाबदारी आहे. प्रत्येक संस्थेने प्रवेशाच्या वेळीच मदतीच्या योजनांचा कागद प्रत्येक पालकाच्या हाती द्यावा, अर्ज भरून देण्यास एक माणूस बसवावा, आणि दुसरा हप्ता न भरणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव कमी करण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन यावे. एवढे केले तरी गुपचूप गळणारी कितीतरी मुले वाचतील.

हाजी मोहसीन यांचा पैसा साठ वर्षे अर्जाची वाट पाहत होता. आजही अनेक ट्रस्टांच्या व सरकारी योजनांच्या पेटीत आपल्या मुलांच्या नावाचे काही असू शकते. ते मागण्यात कमीपणा नाही. ज्यांनी मागितले ते शिकले, मोठे झाले आणि पुढच्यांसाठी देते झाले. आपल्या मुलाच्या अर्जावर सही करताना हा इतिहास आठवावा आणि मान ताठ ठेवून सही करावी.